पिशवीच्या तोंडाशी पाच गाठी

तुम्ही केलेलं सगळ्यात चांगलं डिझाइन कोणतं, असं मला कोणी विचारलं की मी एका तूरदाळीच्या पिशवीचं नाव घेते. समोरचा हसतो. हसू दे बापा. त्यातून ती पिशवी मी केलेलीच नव्हती. मी फक्त मध्ये मध्ये लुडबुड केली, आणि नशीब माझं, कोणी माझं ऐकलं नाही.

नागपूरहून कमर्शियल आर्टचा डिप्लोमा घेऊन मी यवतमाळला परतले, तेव्हा घरात काही पेढे वाटले गेले नाहीत. आमच्याकडे पुरुषांनी सरकारी टेबलामागे बसायचं आणि बायकांनी शाळेत शिकवायचं, असं दोन-तीन पिढ्यांपासून चाललेलं. आई गेल्यावर घरात मी आणि बाबा, दोघंच. बाबा ट्रेझरीतून निवृत्त झालेले. स्वयंपाक त्यांनी उतारवयात शिकून घेतला होता, आणि वरण तर असं करायचे की आईलाही जमलं नसतं. पण जीभ धारदार. मला म्हणाले, "दुकानाच्या पाट्या रंगवायले इतक्या दूर गेलती काय वं?" मी तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. मला राग पटकन येतो आणि सावकाश जातो, हा माझा जुना रोग आहे.

पण काम मिळालं, आणि भरपूर मिळालं. कापसाचे ते वाईट दिवस होते. बोंडअळी, फसलेलं बियाणं, पडलेला भाव, जो भेटेल त्याच्या तोंडी तेच. आणि नेमक्या त्याच वर्षांत बियाण्याच्या जाहिरातींना बहर आला होता. आर्णी रोडनं निघालं तर एक भिंत कोरी सापडायची नाही. मला त्या भिंती आवडायच्या, खोटं कशाला बोलू? एका गावात पेंटरनं मातीच्या भिंतीला आलेला फुगवटा पाहून बरोबर त्याच्यावरच कापसाचं बोंड काढलं होतं. लांबून ते बोंड भिंतीतून बाहेर आल्यासारखं दिसायचं. मी एसटीतून दर वेळी त्याच बाजूची खिडकी धरून बसायची. कॉलेजात आम्हाला दोन वर्षं जे शिकवलं, ते त्या माणसानं चुन्याच्या डब्यात ब्रश बुडवता बुडवता केलं होतं.

मी स्वतः करायची ती पाकिटं. गावोगावचे छोटे बियाणेवाले यायचे, त्यांना पाकीट हवं असायचं चकचकीत, हिरव्यातून पिवळ्यात जाणारं, वर सोनेरी अक्षरं. आणि बोंड. "मॅडम, बोंड थोडं अजून मोठं करा ना." मी मोठं करायची. पुढचा आला की त्याला याच्यापेक्षा मोठं हवं असायचं. असं करत करत माझी बोंडं टरबुजाएवढी झाली. बाबा एकदा पाकीट हातात घेऊन म्हणाले, "हे वेचायले क्रेन लागते का?" मी त्यांच्या हातातून पाकीट ओढून घेतलं.

अशातच एक दिवस, पोळ्याच्या जरा आधी, ती माझ्या डिझाइनच्या दुकानात आली. फुलसावंगीच्या पुढे असलेल्या एका तांड्यावरची. तांड्यावरच्या लोकांचे पूर्वज बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. आता तांड्यावर शेती. उंच बाई, साठीच्या आसपासची, अंगावर आरसे जडवलेली काचळी चोळी, हातभर चुडा. तांड्यावर सगळे तिला याडी म्हणायचे, म्हणजे आई. म्हणून मीही तेच म्हणू लागले. तिच्या मागे तिची सून उभी होती. विशीची असेल, बोलायला लाजणारी, पोट नुकतंच दिसू लागलेलं.

याडीनं ओच्यातून मूठभर दाळ काढली आणि माझ्या टेबलावर, थेट माझ्या कागदांवर ओतली. "वास घे," म्हणाली. मी घेतला. उन्हात वाळवलेल्या, घरच्या जात्यावर भरडलेल्या दाळीचा तो वास! दुकानातली पॉलिशची दाळ त्याच्यापुढे मुकी वाटते.

तिचं म्हणणं थोडक्यात होतं. तांड्यावरच्या अकरा बायकांचा बचत गट. उन्हाळ्यात त्यांनी दाळ केली, ती घरात भरून पडली आहे. "दसरा झाला का मुकादमाचा ट्रक येते," ती म्हणाली. "ऊस तोडायले नेते. त्याले जोडी लागते, नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या गड्याले तो घेत नाई. माहा लेक म्हनते, जाच लागन. दाळ विकली तं ते दोघं घरी राह्यतील, नाई विकली तं हे पोटुशी पोर ट्रकवर चढन. तू पाकीट बनव. असं बनव का लोकायनं उचललंच पाह्यजे."

सून खाली बघत होती. मी म्हटलं, "याडी, तुम्ही काळजीच सोडा." हे वाक्य आठवलं की आजही मला माझी लाज वाटते.

कारण मी काय केलं? जे येत होतं तेच केलं. हिरव्यातून पिवळ्यात जाणारं चकचकीत पाकीट, सोनेरी अक्षरं, आणि तुरीच्या शेंगा केळ्याएवढ्या. आठ दिवस जागेवरून उठले नाही, इतक्या मनापासून केलं. पाकिटं भरून आम्ही आर्णीच्या बाजारात बसलो, याडी, सून आणि मी. मी मुद्दाम गेले होते, आपलं काम लोक कसं उचलतात ते डोळ्यांनी बघायला. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

लोक उचलत होते, त्यात वाद नाही. उचलायचे, उलटून बघायचे आणि ठेवून द्यायचे. एक बाई म्हणाली, "पाकीट लय चकचकीत हाये वं माय. आत काय हाये काय माहीत." मग एक धोतरवाले काका आले. त्यांनी पाकीट डोळ्यांजवळ धरून नीट वाचलं आणि मला विचारलं, "एकरी किती लागते?"

मला आधी कळलंच नाही. तेवढ्यात त्यांच्या मागच्यानं विचारलं, "कोरडवाहूले चालते का?"

अरे देवा! माझं डोकंच फिरलं. भर बाजारात मी ओरडले, "अहो काका, ही दाळ आहे, दाळ! खायची! फुटलेली दाळ कोणी पेरतं का?"

काकांनी पाकीट हळूच खाली ठेवलं. "रागावू नका मॅडम," ते म्हणाले. "मागच्या साली पेरलं तेबी उगवलं नव्हतं."

आजूबाजूचे सगळे हसले. याडीसुद्धा हसली. मी मात्र परतीच्या एसटीत खिडकीकडे तोंड करून बसले, आणि त्या दिवशी ते भिंतीवरचं बोंड आलं तेव्हा डोळे मिटून घेतले.

चार दिवस धुसफूस केली आणि मग मी तांड्यावर गेले. का गेले ते माझं मलाही नीट सांगता आलं नसतं. चूक त्या काकांची नाही, माझी आहे, एवढंच आत कुठंतरी टोचत होतं. याडीच्या घरात मला चहा मिळाला, बसायला गोधडी मिळाली, आणि समोर खुंटीला टांगलेला रिकाम्या पाकिटांचा एक जुडगा दिसला. बियाण्याची पाकिटं, सुतळीनं बांधून ठेवलेली. तेव्हा घरोघर असे जुडगे असायचे. बियाणं उगवलं नाही तर तक्रार करायला पाकीट आणि पावती लागते, म्हणून कोणी ती फेकत नसे. जुडग्यातलं सगळ्यात वरचं पाकीट माझं होतं. माझं टरबुजाएवढं बोंड.

"हे उगवलं नाही?" मी विचारलं.

"थोडं उगवलं. मंग पिवळं पडलं. तो देनारा कुठं गेला कोनाले ठाव."

मला खरंच रडू आलं. पण न सांगता उठून जाणं मला जमलं नसतं. मी म्हटलं, "याडी, हे पाकीट मी केलंय."

तिनं जुडगा खाली काढला, ते पाकीट आणि मी असं दोन्ही नीट पाहिलं. मला वाटलं, आता चार शब्द ऐकवील. ऐकवायलाच हवे होते. ती म्हणाली, "चित्र चांगलं हाये. मी त्याच्यासाठीच तं घेतलं होतं."

असा मार मला आयुष्यात कोणी दिला नाही. तिला मारायचं नव्हतं, ती खरोखर कौतुक करत होती, म्हणून तर जास्त लागला. आपलं काम इतकं चांगलं असू शकतं आणि त्याच वेळी इतकं वाईट, हे मला डिप्लोमात कोणी सांगितलं नव्हतं.

मी मान खाली घालून बसले होते, म्हणूनच मला ती पिशवी दिसली. कोपऱ्यात मांजरपाटाच्या सुती कापडाची एक पांढरी पिशवी, दाळ भरलेली, माहेरी गेलेल्या कोणाला तरी पाठवायची होती. तिचं तोंड शिवलेलं होतं. लाल आणि काळा असा पिळलेला दोरा, साखळीसारखा टाका, एक वर एक खाली, आणि शेवटी दोऱ्याच्या शेपटाला ओळीनं पाच गाठी. बस, बाकी काही नाही. पण नजर तिथून हलेना. पांढऱ्यावर ती एकच लाल-काळी ओळ इतकी नेमकी बसली होती की मला माझ्या सगळ्या सोनेरी अक्षरांची कीव आली.

"हे काय आहे?"

"हे आमच्या घराचा टाका," याडी म्हणाली. मग सांगत बसली. तिच्या आजेसासूनं तिला सांगितलेलं. बैलांवर गोण्या लादून तांडा निघायचा, मुक्कामाला शेकडो गोण्या एका जागी उतरायच्या. कोणाची कोणती, हे ओळखायचं कसं? तर टाक्यावरून. प्रत्येक घराचा टाका वेगळा, दोरा वेगळा. कोणाचा तिरपा, कोणाचा जाळीचा, कोणाच्यात एक कवडी. आणि शिवायचं एकाच अखंड दोऱ्यानं, म्हणजे मध्ये कोणी उसवून माल बदलला तर लपत नाही. "उसवलेलं पुन्हा शिवलं का सुई त्याच भोकात जात नाई," ती म्हणाली. "आंधळ्याले बी बोटानं समजते."

मी नुसती ऐकत होते. कंपनीचं चिन्ह, मालकाची सही, सीलबंद असल्याची खूण, उघडायची सोय, एवढं सगळं त्या एका दोऱ्यात होतं. कारण तिनं पुढे पिशवी उघडूनही दाखवली. गाठींच्या वर दोरा तोडला, टोक धरून ओढलं, आणि सगळी शिवण सर्रकन एका झटक्यात निघून आली. मी टाळ्याच वाजवल्या. सून तोंडाला पदर लावून हसली.

"हेच करायचं," मी म्हटलं. "पांढरी पिशवी आणि तुमचा टाका. अकरा घरांचे अकरा टाके. जिनं दाळ केली तिच्या घराचा टाका तिच्या पिशवीला. पाकीट गेलं खड्ड्यात."

याडी पिशवी पुन्हा शिवायला बसली. आणि माझ्यातली डिझाइनवाली काही गप्प बसेना. म्हटलं, "याडी, फक्त एक करा. पाच गाठींच्या ऐवजी सहा घाला. मध्ये जरा जागा सोडून तीन-तीन अशा सारख्या दिसतील."

तिचा हात थांबला. सुनेनं चहाची भांडी उचलली आणि ती बाहेर निघून गेली.

याडीनं सुई पिशवीत खोचून ठेवली. मग म्हणाली, "घरात जितके जीव, तितक्या गाठी. मी, माहा मालक, दोन पोरं, सून. पाच. मागच्या साली सहा घातल्या होत्या." दोरा तिच्या बोटाभोवती गुंडाळलेला होता, तो ती सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. "सून फडावरच बाळंत झाली. ऊस तोडता तोडता. पोट्टी झाली, असा निरोप आला. मी त्याच दिवशी घरातल्या समद्या गोण्यायले सहावी गाठ घातली. पाच-सहा दिवसांनी दुसरा निरोप आला. मंग बसली उसवत."



"खोटी गाठ नाई घालत छोरी," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिनं मला छोरी, म्हणजे पोरी, म्हटलं. "दाळ विकली नाई तरी चालन. खोटी नाई घालत."

त्यानंतर मी एकही सूचना केली नाही. मांजरपाटाचा तागा आणून दिला. गावाचं नाव आणि 'तूरदाळ' एवढ्या अक्षरांचा एक लाकडी शिक्का करून दिला, तोही लहान, टाक्यापासून दूर, खालच्या कोपऱ्यात. कापूस पिकवणाऱ्या आणि त्याच्याच नावानं बोटं मोडणाऱ्या जिल्ह्यात आपण दाळ प्लास्टिकात भरत होतो, हे मला तेव्हा लक्षात आलं. पहिली तयार पिशवी मी घरी नेली. बाबांनी ती उलटून-पालटून पाहिली, टाक्यावरून बोट फिरवलं.

"याच्यात तू काय केलं?"

"काही नाही."

"म्हणूनच चांगली झाली," बाबा म्हणाले. या वेळी मी रागावले नाही.

नवरात्रात यवतमाळला माणूस मावत नाही. गावोगावचे लोक देव्या बघायला येतात, सगळीकडे रात्रंदिवस वर्दळ. बचत गटांच्या प्रदर्शनात आमच्या बायकांना एक टेबल मिळालं होतं. पहिल्या दिवशी मी लांब उभी राहिले, आर्णीच्या बाजाराचा धसका होता. एक शिक्षिकाबाई आल्या, पिशवी उचलली आणि विचारलं, "उघडून दाखवता का?"

"उघडली तं तुमची झाली," याडी म्हणाली. "बाहेरून पाह्या. कोनी हात लावला असन तं टाका सांगन." आणि तिनं त्यांचं बोट धरून टाक्यावरून फिरवलं. मग गटातल्या बायकांकडे हात करून म्हणाली, "अन् दाळीत खडा निघाला तं हा टाका घेऊन या. कोनाच्या घरचा ते मी इथं बसून सांगतो. तिचं नाक कापून देतो तुमच्या हातात."

ज्या बाईच्या घरचा तो टाका होता ती लगेच पुढे झाली. "काप नं! पाह्य तं खरं, खडा निघते का माह्या दाळीत!"

शिक्षिकाबाई हसल्या आणि पिशवी घेऊन गेल्या. तिसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या, सोबत शेजारणी. त्यांना तीच दाळ हवी होती, 'ती तिरप्या टाक्याची'. मग कोणाला कवडीवाली हवी, कोणाला जाळीची. बायका एकमेकींना चिडवायला लागल्या की माझ्या टाक्याला गिऱ्हाईक जास्त. मी जाहिरातीच्या धंद्यात इतकी वर्षं काढली, पण मालाची हमी देताना स्वतःचं घर असं टेबलावर ठेवणारं कोणी मी पाहिलं नव्हतं. दोन किराणावाल्यांनी वर्षभर दाळ पाठवाल का म्हणून विचारलं. अष्टमीला टेबल रिकामं झालं.

तरी मला धीर नव्हता. पुरेसं झालं की नाही, हे विचारायची माझी हिंमत होत नव्हती. दसरा झाल्यावर मी तागा द्यायचं निमित्त करून तांड्यावर गेले, आणि नेमका ट्रक उभा. भांडी, गाठोडी, कोंबड्या, माणसं, सगळं वर चढत होतं. अकरा घरांतलीही काही माणसं चढत होती. सगळ्यांना पुरेल एवढी काही दाळ नव्हती. मी गर्दीत सुनेला शोधत होते आणि ती दिसत नव्हती.

ती घरामागे होती. जात्याशी. तिचा नवरा पलीकडे कुंपणाला काटे लावत होता. मला बघून ती म्हणाली, "ताई, चहा मांडू का?" तिच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं वाक्य. मी "मांड" म्हटलं आणि जात्यापाशीच बसले.

त्यानंतर हिवाळा आला. तांड्याकडे जाणं झालं नाही. मी बियाण्याची पाकिटं करणं सोडलं होतं, त्यामुळे काम कमी आणि धावपळ जास्त. दिवस भरत आले असतील, हे मी बोटांवर मोजत होते, पण कोणाला विचारायचं मनात यायचं तेव्हा ते दोन निरोप आठवायचे आणि मी गप्प बसायची.

होळीच्या आधी एक दिवस स्टँडवरून निरोप आला की एसटीनं तुमच्या नावानं काहीतरी आलं आहे. जाऊन आणलं. नव्या तुरीची दाळ, पांढरी पिशवी, लाल-काळा टाका. सोबत कोणाकडून तरी लिहून घेतलेली एका ओळीची चिठ्ठी: होळीले ये.

मी स्वयंपाकघरात ओट्यावर पिशवी ठेवली आणि दोऱ्याचं शेपूट बोटांनी सरळ केलं. एकदा मोजलं. माझ्या मोजण्यावर माझा विश्वास बसेना, म्हणून बाबांना हाक मारली. ते कणकेचे हात घेऊन आले. "बाबा, तुम्ही मोजा."

त्यांना सगळं माहीत होतं. त्यांनी हात धुतले, चष्मा लावला आणि ट्रेझरीत नोटा मोजत तसं एकेका गाठीवर बोट ठेवून मोजलं. चार. पाच. मग थांबले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"सहा," म्हणाले.

गॅसवर पाण्याला आधण आलेलं. बाबांनी नाक ओढलं आणि उगाच कडक आवाजात विचारलं, "वरणाले दाळ पाह्यजे. उसवू का हे?"

"खबरदार," मी म्हटलं.

त्या दिवशी आमच्याकडे मुगाचं वरण झालं.